दीडशे ठोक्यांपलीकडची लय

युरोबीट नावाच्या नृत्यगीतांशी ज्यांचा ओझरता परिचय आहे, त्यांचा असा एक समज असतो की ही सारी गाणी एकाच वेगाने धावतात, आणि एक ऐकले काय किंवा दहा ऐकली काय, कानाला त्यांत काही तफावत जाणवण्याचे कारण नाही. हा समज अगदीच निराधार आहे असे म्हणता येत नाही. कारण उत्तर इटलीच्या ध्वनिमुद्रणगृहांत जन्मलेली आणि जवळजवळ सर्वस्वी जपानच्या नृत्यगृहांसाठी घडवलेली ही गाणी १९९० च्या दशकाच्या मध्यापासून मिनिटाला सुमारे १५० ते १६० ठोके एवढ्या अरुंद पट्ट्यातच वावरत आली. परंतु त्या दहा ठोक्यांच्या पट्ट्यात किती प्रकारची लय नांदते, हे घड्याळ आणि वही घेऊन गाण्यांसमोर बसल्याखेरीज उमगत नाही. आणि मी हे काम काही काळ हौसेने, पुढे पुढे तर एखाद्या कारकुनाच्या चिकाटीने केले.

मोजणीची रीत साधी आहे, पण तिचे शिरस्ते पाळावे लागतात. किक ड्रमच्या ज्या ठोक्यावर घड्याळ सुरू करायचे तो ठोका शून्य धरायचा. त्याला एक म्हटले की हिशेब तिथेच चुकला. चौसष्ट ठोके मोजले तर मिनिटाला १५५ ठोक्यांच्या गाण्यात सुमारे पावणेपंचवीस सेकंद जातात, १५० च्या गाण्यात २५.६ आणि १६० च्या गाण्यात बरोबर २४. म्हणजे पट्ट्याच्या दोन टोकांमधले सारे अंतर दीड सेकंदाहून थोडेसेच अधिक. आणि अंगठा पाव सेकंद उशिरा पडला तर उत्तरात दीड ठोक्याची लबाडी शिरते. म्हणून चौसष्टांवर न थांबता दोनशे छप्पन्नपर्यंत जावे. तीच पाव सेकंदाची दिरंगाई मग अर्ध्या ठोक्याच्या आत आवरते. ठोके सीक्वेन्सर या यंत्राने दिलेले असल्यामुळे गाण्याच्या आरंभीची लय आणि अखेरची लय यांत केसाइतकाही फरक पडत नाही, ही एक मोठी सोय. जिवंत वादकांच्या मेळाची लय नकळत चढते, द्रुताकडे झुकते. इथे आकडा एकदा ठरला की त्याचा अंमल शेवटपर्यंत चालतो.

हा आकडा पहिल्यापासून इतका चढा नव्हता. ज्या इटालो डिस्कोच्या पोटी हा प्रकार जन्मला त्याची चाल बरीच संथ होती, आणि १९८६ मध्ये मायकेल फोर्तुनातीचे ‘गिव्ह मी अप’ जपानमध्ये गाजले तेव्हाही लय दीडशेच्या बरीच अलीकडे होती. १९९० मध्ये ‘सुपर युरोबीट’ ही संकलनमाला सुरू झाली, आणि त्याच वर्षी मांटोव्हाचा जानकार्लो पास्क्विनी (हे जग त्याला डेव्ह रॉजर्स म्हणून ओळखते) आणि आल्बेर्तो कोन्तिनी यांनी ए-बीट सी ही संस्था काढली. पुढच्या चार-पाच वर्षांत लय वर वर सरकत दीडशेच्या पलीकडे गेली आणि तिथेच तिने कायमचे बिऱ्हाड केले. ही माला २०१८ मध्ये अडीचशेव्या खंडावर थांबली. मधल्या काळात, १९९८ मध्ये, डोंगरी घाटांतल्या मोटारशर्यतींवरची ‘इनिशियल डी’ ही चित्रमालिका दूरचित्रवाणीवर आली, तिच्या शर्यतींना साथ याच गाण्यांची होती, आणि त्यांचा वेगाशी असलेला संबंध जगाच्या मनात पक्का झाला. त्या गाड्यांमुळे पुष्कळांना गाणी आहेत त्याहूनही वेगवान भासतात, असे मला वाटते.

भासाचा हा मामला अधिक बारकाईने पाहण्यासारखा आहे. दोन गाण्यांपुढे वहीत एकच आकडा मांडलेला असावा, आणि ऐकताना मात्र एक दुसऱ्याच्या पुढे पळत आहे असे वाटावे, हा अनुभव मला इतक्या वेळा आला की अखेर ठोके बाजूला ठेवून मी त्यांच्या मधली जागा ऐकू लागलो. एका गाण्यात बेस प्रत्येक ठोक्याला चार स्वर भरतो; १५५ च्या लयीत हे मिनिटाला ६२० स्वर झाले, म्हणजे सेकंदाला दहांहून अधिक. दुसऱ्यात तोच बेस ठोक्याच्या मध्यावर एकच स्वर टाकून गप्प राहतो. तबलजीच्या भाषेत सांगायचे तर ठेका दोन्हीकडे ठायीचाच, पण एका ठिकाणी वर चौगुन चालली आहे. गायनाचेही तसेच: कडव्यात गायिका दोन-दोन ठोके एकेक स्वर लांबवते तेव्हा लय अर्ध्यावर आल्यासारखी भासते, आणि सिंथेसायझरची ती भरधाव धून सुरू होताच, बहुधा स्वराची पट्टी बदलूनच ती येते, वेग एकदम चढल्याचा भ्रम होतो. घड्याळ लावून खातरजमा करावी तर काटा जागचा हललेला नसतो.

या गाण्यांवरचे पारापारा नृत्य मी ध्वनी बंद करून पाहिले, आणि मोजणीहून ते अधिक बोलके ठरले. पाय बहुतेक एकाच जागी डावी-उजवीकडे पडत असतात. पायांवरून गाणे ओळखणे अशक्य. सारी करामत हातांची, आणि प्रत्येक गाण्याच्या हातवाऱ्यांचा क्रम आधीच ठरलेला, सगळ्यांनी एकसारखा करायचा. १५० च्या लयीत दोन ठोक्यांमध्ये ४०० सहस्रांश सेकंद मिळतात, १६० च्या लयीत ३७५. तेवढ्यात हात कमरेपासून डोक्यावर न्यायचा तर तो कुठेतरी आखूड करावाच लागतो. मंद गाण्यात कोपर पूर्ण उघडते आणि मनगट क्षणभर वर स्थिरावते. जलद गाण्यात कोपर अर्धवट मिटलेलेच राहते आणि स्थिरावणे लोपते. आवाज नसतानाही केवळ कोपरांकडे पाहून कोणते गाणे पट्ट्याच्या कोणत्या टोकाचे आहे याचा अंदाज बांधता येतो.

ही तफावत खऱ्या अर्थाने अंगावर येते ती मात्र दोन गाणी एकमेकांत मिसळताना. टेक्निक्सच्या त्या प्रसिद्ध टर्नटेबलावर तबकडीचा वेग आठ टक्क्यांपर्यंत कमीअधिक करणारा सरकता खटका असतो. १५० चे गाणे १५६ च्या जोडीला बसवायचे तर तो चार टक्के पुढे न्यायचा. एवढ्याने भागत नाही. तबकडी वेगाने फिरली की स्वरही चढतो, आणि चार टक्क्यांनी तो अर्ध्या स्वराच्या दोन तृतीयांशाइतका वर जातो. गायिकेचा आवाज लहान मुलीसारखा पातळ होऊ लागतो. मग एका कानाला हेडफोन लावून येणारे गाणे ऐकायचे आणि दुसऱ्या कानाने चालू गाणे. दोन किक ड्रम जुळले नाहीत तर दुहेरी ठोका पडतो, टांग्याच्या घोड्याच्या टापांसारखा. येणारे गाणे मागे रेंगाळत असेल तर तबकडीची कड बोटाने अलगद पुढे रेटायची, पुढे धावत असेल तर तिच्यावर बोट क्षणभर टेकवायचे. १५० आणि १६० न जुळवता शेजारी सोडली तर बत्तीस ठोक्यांत दोघांमध्ये तब्बल दोन ठोक्यांचे अंतर पडते, आणि नाचणारे सारे एकदमच थबकतात.

म्हणून मी वहीत प्रत्येक गाण्यापुढे दोन रकाने आखले: एक ठोक्यांचा, दुसरा बेसच्या दाटीचा. आकड्यांच्या चढत्या क्रमाने लावलेली यादी कागदावर निर्दोष दिसते आणि ऐकताना अडखळते. १५६ च्या विरळ गाण्यामागून १५२ चे दाट गाणे आले तर लय उतरल्याचे कोणाच्या ध्यानात येत नाही, उलट चढल्यासारखीच वाटते. अशा जोडीत येणारे गाणे अडीच टक्क्यांहून अधिक वर रेटण्यापेक्षा चालू गाणेच शेवटच्या सिंथेसायझरच्या धुनेत, जिथे गायिकेचा कंठ नसतो तिथे, हळूहळू खाली ओढून १५२ वर आणावे. स्वर उतरल्याची तक्रार त्या जागी कोणी करत नाही.