शालूची उलटी बाजू

महाराष्ट्रातील लग्नघरात बनारसी शालूचे स्थान आपणांस परिचित आहे. शालू निवडताना आपण त्याचा पदर पाहतो, काठ पाहतो, जर पारखतो. तो उलटून मात्र सहसा कोणी पाहत नाही. माझ्या लग्नातील शालू मी कितीतरी वर्षे जपून ठेवला, पण त्याची मागील बाजू निरखण्याचे मलाही कधी सुचले नाही. वाराणसीच्या मुस्लिम स्त्रियांच्या दिनक्रमाशी तुमची ओळख करून द्यायची, तर तिथूनच आरंभ करणे योग्य ठरेल.

वाराणसीतील मदनपुरा, अलईपुरा, लल्लापुरा, बजरडीहा या वस्त्यांत विणकरांची दाट वसती आहे. हे विणकर बहुतांशी मुसलमान असून ते स्वतःला ‘अन्सारी’ किंवा ‘मोमीन’ म्हणवितात. संत कबीर ज्या विणकर समाजात वाढले, त्याच समाजाशी त्यांचे नाते आहे. मागावर बसतो तो पुरुष. वाराणसीत ही रीत इतकी रुजलेली आहे की ‘विणकर’ म्हटले की पुरुषच डोळ्यांपुढे येतो. मात्र मागावर सूत चढण्यापूर्वी आणि साडी मागावरून उतरल्यानंतर जे घडते, ते घरातील स्त्रीच्या हातून घडते.

पहाटे पाणी भरणे, चूल पेटविणे, मुलांचे आवरणे झाले की ती चरख्यापाशी बसते. रेशमाच्या लडी उलगडून ती धागा रिळांवर घेते आणि धोट्यात बसणाऱ्या नळ्या भरते. मालेगाव-भिवंडीकडे याच कामाला ‘कांडी भरणे’ म्हणतात. 1857 नंतर उत्तर भारतातील अनेक विणकर कुटुंबे या गावी येऊन स्थायिक झाली, त्यामुळे तेथील पुष्कळ घरांची वाराणसीच्या या घरांशी दूरची सोयरीक सांगता येईल. नळी रिकामी झाली की माग थांबतो, म्हणून तिचा हात थांबून चालत नाही.

साडी विणून झाल्यावरचे काम त्याहून नाजूक. ‘फेकवा’ पद्धतीच्या विणीत नक्षीचा धागा साडीच्या संपूर्ण रुंदीतून फेकला जातो, त्यामुळे दोन बुट्ट्यांच्या मधील धागे मागच्या बाजूस सैल लोंबत राहतात. ते एकेक करून कापावे लागतात. कात्री किंचित चुकली, तर मूळ पोतालाच छेद जातो आणि घरातील सर्वांचे अनेक दिवसांचे श्रम वाया जातात. हे काम ती बहुधा अंगणात किंवा दाराजवळच्या उजेडात, शेजारणींशी बोलत, स्वयंपाकाकडे एक डोळा ठेवून करते.

या कामाची मजुरी तिला वेगळी मिळत नाही. गद्दीवरचा व्यापारी साडीचा हिशेब विणकराशी करतो आणि नळ्या भरण्याचे दाम त्यातच धरलेले असते. चौथ्या हातमाग गणनेत (2019-20) देशातील सुमारे 35 लाख हातमाग कामगारांपैकी 70 टक्क्यांहून अधिक स्त्रिया आढळल्या. हे प्रमाण प्रामुख्याने ईशान्य भारतातील मागावर बसणाऱ्या स्त्रियांमुळे वाढलेले आहे. वाराणसीतील स्त्रीला विचारले, ‘आपण काय काम करता?’ तर ‘काही नाही, घरीच असते,’ असे उत्तर ऐकू येण्याचा संभव अधिक. अब्दुल बिस्मिल्लाह यांनी ‘झीनी झीनी बीनी चदरिया’ (1986) या हिंदी कादंबरीत याच वस्तीचे चित्र रेखाटले आहे. त्यातील विणकराची पत्नी क्षयाने झिजते. कोंदट खोलीत रेशमाच्या कसपटांत श्वास घेणाऱ्यांना हा रोग परका नव्हे.

मुस्लिम स्त्री म्हटले की बाहेरच्या समाजास बुरखा आणि तलाक हे दोनच विषय आठवतात. तलाकचा प्रश्न खरा आहे. हमीद दलवाई यांच्या पुढाकाराने 18 एप्रिल 1966 रोजी सात मुस्लिम महिलांनी मुंबईत मोर्चा काढला, तेव्हा तो प्रथमच रस्त्यावर आला. सर्वोच्च न्यायालयाने 2017 मध्ये एका दमात दिलेला तिहेरी तलाक अवैध ठरविला, आणि 2019 च्या कायद्याने तो गुन्हाही ठरला. निकालाचे स्वागत करणाऱ्या स्त्रियाही या कायद्याविषयी एकमताच्या नाहीत. नवरा तुरुंगात गेल्यास पोटगी कोण देणार, असा रोकडा प्रश्न त्यांतील काही जणी विचारतात. बुरख्याविषयीही तसेच. एकीला तो बंधन वाटतो, तर दुसरीला त्याच्या आधाराने बाजारात एकटीने जाता येते.

हल्ली यंत्रमागांमुळे हातमागाचे काम घटले आहे. अनेक घरांतील पुरुष सुरत, बंगळूर येथे कामासाठी जातात. मागे राहिलेली स्त्री साड्यांवर टिकल्या-मोती लावण्याचे, जरदोजीचे काम दलालाकडून घरी आणते. दर नगावर ठरतो, आणि तो फारच थोडा असतो. तो ठरविण्यासाठी दलालाशी घासाघीस करावी लागते. ती आता तिलाच करावी लागते, आणि आलेले पैसे तिच्याच हातात पडतात.