पहारा दाराशी हवा, घरात नको

चोपडा तालुक्यातल्या पाड्यावरचे वर्षभराचे मूल. दोन दिवसांपासून जांघेत पुरळ उठलेले. जळगावचे बालरोगतज्ज्ञ पन्नासएक किलोमीटरवर; जायचे तर दिवसाची मजुरी बुडते. मग आई मोबाइलवर फोटो काढते, डॉक्टरांना व्हॉट्सॲपवर पाठवते आणि डॉक्टर औषध सांगतात. शिरपूर-साक्रीकडच्या पालकांना धुळ्याच्या डॉक्टरांचा असाच आधार असतो. २०२० च्या टेलिमेडिसिन मार्गदर्शक तत्त्वांनुसार असा सल्ला घेणे वैधही आहे. यात कुणाला काही गैर वाटत नाही. यंत्राला मात्र वाटू शकते.

२०२१ मध्ये अमेरिकेत सॅन फ्रान्सिस्कोत तसेच घडले. एका वडिलांनी लहानग्या मुलाच्या गुप्तांगावरील सुजेचा फोटो डॉक्टरांसाठी काढला. तो आपोआप गुगलच्या खात्यात साठवला गेला. यंत्रणेने तो बाललैंगिक शोषणाचा ठरवला, खाते बंद झाले आणि प्रकरण पोलिसांपर्यंत गेले. पोलिसांना गुन्हा आढळला नाही, तरी खाते परत मिळाले नाही. वर्षानुवर्षांचे फोटो, ईमेल, संपर्क सगळे गेले.

यंत्र ओळखते कसे?

तपासणीच्या दोन पद्धती आहेत. पहिलीत, आधीच सापडलेल्या शोषणाच्या चित्रांचे आकड्यांच्या रूपात ‘ठसे’ घेऊन ठेवलेले असतात. नव्या फोटोचा ठसा त्या यादीशी जुळला तरच सूचना मिळते. २००९ मध्ये आलेले ‘फोटोडीएनए’ हे तंत्र असे चालते. त्यात चूक होण्याची शक्यता फार कमी असते. दुसऱ्या पद्धतीत कृत्रिम बुद्धिमत्ता कधीही न पाहिलेल्या फोटोबद्दल अंदाज बांधते. सॅन फ्रान्सिस्कोतली चूक या पद्धतीत झाली. उपचारासाठी काढलेला फोटो आणि शोषणाचा फोटो यातला फरक हेतूचा असतो, आणि हेतू फोटोत दिसत नाही.

व्हॉट्सॲपचे संदेश वाटेत कुलूपबंद असतात. कंपनीलाही ते वाचता येत नाहीत. म्हणून पाठवण्याआधी फोनमध्येच तपासणी करावी, अशी मागणी पुढे येते. ॲपलने २०२१ मध्ये अशी योजना जाहीर केली. एका कारणासाठी उघडलेले दार उद्या दुसऱ्या कारणासाठीही वापरले जाईल, अशी टीका झाली आणि २०२२ च्या डिसेंबरात कंपनीने ती सोडून दिली.

धोका खोटा नाही

याचा अर्थ पहारा नकोच, असा नाही. फोटोचे भय काय असते, हे जळगावला सांगावे लागत नाही. १९९४ मध्ये उघडकीस आलेल्या वासनाकांडात मुलींचे फोटो काढून त्यांना धमकावले गेले होते. बदनामीच्या भीतीने पीडितांना पुढे येणे अवघड झाले. तेव्हा फोटो कागदावर होता. आज तो काही सेकंदांत शेकडो फोनवर जातो. धमकावणाऱ्याचे बळ असते ते ‘सगळ्यांना दाखवीन’ या वाक्यात. म्हणूनच पीडितेचे नाव गुप्त राहील ही खात्री हाच तिच्या संरक्षणाचा पहिला भाग ठरतो. पोक्सो कायद्याने २०१२ मध्ये बालकाची ओळख उघड करण्यास मनाई केली, ती याच कारणाने. सप्टेंबर २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने असे साहित्य जवळ बाळगण्याबाबत कठोर भूमिका घेतली. २०१७ मध्ये याच न्यायालयाने खासगीपणा हा मूलभूत हक्क ठरवला होता. हा हक्क मुलांचाही आहे.

संमती कोणाची, ओटीपी कोणाच्या हाती?

डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायदा २०२३ चा. अठरा वर्षांखालील मुलाची माहिती घेण्यापूर्वी पालकांची पडताळलेली संमती घ्यावी, मुलांवर पाळत ठेवू नये, त्यांना हेरून जाहिराती दाखवू नयेत, असे तो सांगतो. उल्लंघनाला २०० कोटी रुपयांपर्यंत दंड आहे. नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये आले. त्यांनुसार या तरतुदी दीड वर्षाने लागू व्हायच्या आहेत. मुलाच्या आरोग्यासाठी आवश्यक तेवढी सूट डॉक्टर आणि रुग्णालयांना आहे.

पण खान्देशातल्या अनेक घरांत फोन एकच, तो वडिलांच्या नावावर, आणि ओटीपी वाचून देणारा सातवीतला मुलगा. आई-वडील ऊसतोडीला गेलेले असतील तर मूल आजीजवळ. तिथे संमती द्यायची कोणी? शिवाय मूल कोण हे ओळखायचे तर प्रौढांचेही वय तपासावे लागते. त्यासाठी दिलेली कागदपत्रे फुटू शकतात. ऑक्टोबर २०२५ मध्ये ‘डिस्कॉर्ड’च्या सुमारे ७० हजार वापरकर्त्यांच्या ओळखपत्रांचे फोटो उघड झाल्याची शक्यता कंपनीनेच सांगितली.

यातून वाट आहे. संपूर्ण ओळखपत्र न देता ‘ही व्यक्ती प्रौढ आहे’ एवढेच सांगणारे डिजिटल टोकन देता येते. नियमांत डिजिलॉकरमार्फत तशी सोय आहे. मुलांचे नग्न फोटो इंटरनेटवरून हटवण्यासाठी २०२३ पासून ‘टेक इट डाउन’ ही विनामूल्य सेवा आहे. तीत ठसा फोनमध्येच तयार होतो, फोटो फोनबाहेर जात नाही आणि नावही द्यावे लागत नाही. संरक्षण साधते आणि खासगीपणाही राहतो. कोणताही नवा कायदा किंवा ॲप आले की विचारावे: यासाठी कमीत कमी किती माहिती पुरेल?

पालकांनी काय करावे?

• मुलाच्या खासगी अवयवांचा फोटो डॉक्टरांनी मागितला तरच, आणि हवा तेवढाच भाग घेऊन काढावा. त्याआधी फोटोंचा आपोआप होणारा बॅकअप बंद करावा. काम झाल्यावर फोटो पुसावा; डॉक्टरांनाही तशी विनंती करावी.

• शोषणाचा फोटो वा व्हिडिओ आला तर ‘सावध करण्यासाठी’सुद्धा कुणाला पुढे पाठवू नये. थेट पोलिसांना कळवावे.

• मदतीसाठी चाइल्डलाइन १०९८, सायबर गुन्ह्यांसाठी १९३०. राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवर मुलांविषयीची तक्रार नाव न देताही करता येते.

• मुलाचा फोन लपून तपासण्यापेक्षा त्याला एक वाक्य आधीच सांगून ठेवावे: ‘काहीही झाले तरी आधी घरी सांग, आम्ही रागावणार नाही.’ धमकावणाऱ्याचा सगळा जोर मुलाच्या गप्प राहण्यावर असतो.