फवारणी पंपाची बॅटरी आणि हाताशी आलेला चार्जर

कपाशीवर फवारणीचे दिवस आले, की शिरपूर-शिंदखेड्यापासून चोपडा-जामनेरपर्यंत घरोघरी पाठीवरच्या पंपाची बॅटरी रात्री चार्जिंगला लागते. आणि मूळ चार्जर बिघडला असेल, तर पिन बसेल असा, अंगावर बारा व्होल्ट लिहिलेला जो कोणता चार्जर हाताशी येईल तो बिनदिक्कत जोडण्याची वहिवाट इतकी रूढ झाली आहे, की तिच्या मुळाशी असलेल्या समजुतीची एकदा नीट खातरजमा करणे अगत्याचे आहे.

पिन बसली आणि व्होल्टचा आकडा जुळला म्हणजे चार्जर चालतो, ही ती समजूत. वस्तुतः 'बारा व्होल्ट' हे ढोबळ नाव आहे. लेड-ॲसिड बॅटरीत सुमारे दोन व्होल्टचे सहा घट असतात आणि तिचा चार्जर साधारणतः १४.४ व्होल्टपर्यंत चढतो. वजन कमी व्हावे म्हणून तिच्या जागी बसवलेल्या लिथियम-आयन संचात मात्र पुष्कळदा तीनच घट असतात, ज्यांची प्रत्येकी कमाल मर्यादा ४.२, म्हणजे एकंदर १२.६ व्होल्ट. जुना चार्जर अशा संचास जोडला, तर घटागणिक ४.८ व्होल्टचा दाब पडू पाहतो. आतील संरक्षक सर्किटाने प्रवाह वेळीच तोडला तर निभावते, पण ते सर्किट नसले किंवा निकामी झालेले असले, तर घट तापतो, फुगतो आणि प्रसंगी पेट घेतो. याउलट लिथियमचा १२.६ व्होल्टचा चार्जर लेड-ॲसिडला लावल्यास आगीचे भय नाही. परंतु बॅटरी कधीच पुरती भरत नाही, प्लेटांवर सल्फेटचा थर घट्ट होत जातो, आणि ती अकाली निकामी होते.

नुसता 'लिथियम' हा शब्द वाचूनही निर्णय करू नये. लिथियम-आयर्न-फॉस्फेट हा त्याच कुळातला प्रकार चार घटांचा असतो आणि १४.६ व्होल्टपर्यंत भरतो.

घरातील पेन्सिल सेलची कैफियत निराळी. निकेल-मेटल-हायड्राइड सेलवर १.२ व्होल्ट लिहिलेले पाहून तो कमजोर समजला जातो. तो कमजोर नव्हे, त्याच्या रसायनाचा स्वाभाविक दाबच तेवढा. सेल भरताच त्याचा दाब किंचित उतरतो, आणि तो उतार ओळखून चांगला चार्जर थांबतो. निकेल-कॅडमियममध्ये हा उतार ठळक, मेटल-हायड्राइडमध्ये पुसट. म्हणून जुना कॅडमियमचा चार्जर नव्या सेलला वेळेवर सोडीलच, असे नाही. साधा अल्कलाइन सेल तर चार्जरमध्ये मुळीच घालू नये. त्यातून दाहक क्षार गळतो.

वैशाख-ज्येष्ठात आपल्याकडे पारा ४५ अंशांना टेकतो, आणि उष्णतेने प्रत्येक बॅटरीचे आयुष्य घटते. सबब पत्र्याच्या शेडमध्ये भर दुपारी चार्जिंग टाळावे, आणि फुगलेली बॅटरी पुन्हा कदापि जोडू नये.

पंप विकणाऱ्या दुकानदारांस एवढीच विनंती, की बॅटरीचा प्रकार, घटांची संख्या आणि चार्जरचा कमाल व्होल्ट या तीन गोष्टी त्यांनी पावतीवर मराठीत नमूद कराव्यात. आणि शेतकरी बांधवांनीही तो मजकूर पाहिल्याखेरीज पैसे मोजू नयेत.