ईद कार्ड घरीच बनवूया : ठसा, डाय आणि आपल्या दोन लिप्या

चाँदरात झाली की मोबाइल वाजायला लागतो. पहाटेपर्यंत शंभरेक मेसेज. त्यातले निम्मे तर तेच चित्र, तोच चाँद, तोच कंदील, फक्त पाठवणारा वेगळा. दुसऱ्या दिवशी कोणी विचारलं की खालाने काय पाठवलं होतं, तर सांगता येत नाही. आणि घरातल्या दादी-नानींपर्यंत तर हे मेसेज पोचतच नाहीत, कारण मोबाइल त्यांच्या हातात नसतो.

आम्ही शाळेत शिकवणारी माणसं. आमच्या भागात, म्हणजे वाई, पाचगणी, सातारा या पट्ट्यात, आपली बरीच मुलं मराठी माध्यमात शिकतात. घरात दखनी-उर्दू बोलतात, पण उर्दू लिहायची वेळ आली की हात थांबतो. दुसरीकडे घरातल्या मोठ्यांपैकी काहींना फक्त उर्दूच वाचता येतं. म्हणजे एकाच छपराखाली नातू आणि नानी एकमेकांना चिठ्ठी लिहू शकत नाहीत. ही गोष्ट छोटी नाही. त्यावर एक सोपा, हाताला काम देणारा उपाय आहे : रमजानमध्ये मुलांना बसवून ठसे आणि डायकट वापरून ईद कार्ड बनवणं. ते कसं बनवायचं आणि त्यातून मूल काय शिकतं, ते या लेखात सांगतो.

ईद कार्ड आलं कुठून?

ग्रीटिंग कार्डाची चाल इंग्लंडची. 1843 मध्ये लंडनला हेन्री कोल यांनी जॉन हॉर्सली या चित्रकाराकडून नाताळचं कार्ड काढून घेतलं, ते छापील कार्डांमधलं पहिलं मानलं जातं. त्याआधी तीनच वर्षं तिथे एका पेनीत कुठेही पत्र पोचवणारी टपाल व्यवस्था सुरू झाली होती. टपाल स्वस्त झालं म्हणून कार्ड चाललं.

आपल्याकडेही तसंच घडलं. 1854 मध्ये देशभर एकसारखा टपाल दर आला. 1 जुलै 1879 ला पाव आण्याचं पोस्टकार्ड निघालं. रेल्वे वाढली, माणसं नोकरीसाठी लांब गेली, आणि ईदला घरी येता येत नाही म्हणून कार्ड पाठवायची रीत पडली. सुरुवातीला युरोपातून आलेली तयार कार्डं घ्यायची आणि त्यावर ‘ईद मुबारक’ ही उर्दू अक्षरं वेगळी उमटवायची, असंही चालायचं. पुढे विसाव्या शतकाच्या सुरुवातीला लाहोर, दिल्ली आणि आपल्या मुंबईतही खास ईद कार्डं छापली जाऊ लागली. मुंबईच्या बोल्टन फाइन आर्ट लिथो या छापखान्याचं नाव जुन्या कार्डांच्या संग्राहकांना परिचयाचं आहे.

या कामाचे शब्द बघा : कागद, कलम, शाई, दौत, शिक्का, मोहर. सगळे फारसी-अरबीतून येऊन मराठीत मुरलेले. दौलताबादजवळ कागजीपुरा नावाचं गाव आहे. मुहंमद तुघलकाने चौदाव्या शतकात राजधानी दौलताबादला हलवली, तेव्हापासून तिथे हातकागद बनवणारी मुस्लिम घराणी राहिली असं मानलं जातं. जुन्नरचा जुन्नरी कागदही असाच नावाजलेला होता. तेव्हा हातात कागद घेऊन बसणं आपल्याला नवीन नाही.

सामान काय लागतं?

मशीन नसलं तरी अडत नाही. वाईतल्या कुठल्याही स्टेशनरी दुकानात एवढं मिळून जातं : जाड कार्डशीट, शाईचं पॅड, मोठं पांढरं खोडरबर, कटर, पट्टी, पेन्सिल आणि फेविकॉल.

कार्डशीट 250 ते 300 जीएसएमची घ्या. झेरॉक्सचा कागद 70-80 जीएसएमचा असतो, तो उभा राहत नाही. ए-फोर शीट मधोमध कापली की दोन तुकडे होतात. प्रत्येक तुकडा दुमडला की 105 गुणिले 148 मिलिमीटरचं, पोस्टकार्डाएवढं कार्ड तयार. म्हणजे एका शीटमध्ये दोन कार्डं.

दुमडण्याआधी पट्टी ठेवून, संपलेल्या बॉलपेनच्या टोकाने रेघ दाबून घ्या. छापखान्यात याला क्रीझिंग म्हणतात. तसंच दुमडलं तर घडीवर कागद फाटल्यासारखा दिसतो.

घडी कुठल्या बाजूला ठेवायची, हाही विचार करा. मराठी कार्ड डावीकडे घडी ठेवून उघडतं, उर्दू कार्ड उजवीकडे. दोन्ही लिप्या हव्या असतील तर घडी वर ठेवा. कार्ड तंबूसारखं उभं राहतं आणि कुठल्याच भाषेला उलटं वाटत नाही.

ठसा कसा करायचा?

अगदी लहान मुलांसाठी भेंडी उत्तम. आडवी कापली की पाच पाकळ्यांचं फूल तयार. बटाटा अर्धा कापून त्यावर चाँद कोरता येतो, पण तो काम मोठ्यांनी करून द्यावं. भाजी कापल्यावर फडक्याने पुसून मगच शाईला लावा, नाहीतर पाण्याने शाई पसरते.

चौथी-पाचवीच्या पुढच्या मुलांना खोडरबराचा ठसा जमतो. त्यात मुख्य अडचण एकच : ठसा उलटा कोरावा लागतो. त्याची युक्ती अशी. पातळ कागदावर मऊ पेन्सिलीने ‘ईद मुबारक’ सरळ लिहा. तो कागद पालथा करून खोडरबरावर ठेवा आणि मागून नखाने घासा. अक्षरं आपोआप उलटी उतरतात. मग अक्षर सोडून आजूबाजूचा भाग कटरने किंवा लिनो कटरने हलक्या हाताने काढून टाका. दोन मिलिमीटर खोल पुरे. कटर चालवताना बोटं पात्याच्या पुढे कधीच नकोत, आणि मोठं माणूस शेजारी बसलेलंच हवं.

यात मुलांना एक गंमत कळते. उर्दू उजवीकडून डावीकडे चालते, मराठी डावीकडून उजवीकडे. पण खोडरबरावर दोघी उलट होतात : उर्दू मराठीच्या वाटेने जाते आणि मराठी उर्दूच्या. पाटीवर दहा वेळा गिरवून जे अक्षर ध्यानात राहत नाही, ते एकदा उलटं कोरलं की राहतं, कारण प्रत्येक वळण नीट बघावं लागतं.

शाई दोन प्रकारची येते. एक कागदात मुरते, लवकर वाळते, पण पातळ कागदावर पसरते. दुसरी रंगद्रव्याची, ती वर बसते, गडद दिसते आणि सावकाश वाळते. हीच ओली असताना तिच्यावर एम्बॉसिंग पावडर टाकून गरम हवा दिली की अक्षर फुगून चमकतं. पावसाळ्यात आपल्याकडे हवा इतकी दमट असते की शाई तासन्‌तास ओली राहते. बकरी ईद पावसात आली तर कार्डं एकावर एक रचू नका, रात्रभर मोकळी ठेवा.

डायकट म्हणजे काय?

लग्नपत्रिकेला जाळीदार खिडकी कापलेली असते ना, तीच डायची करामत. डाय म्हणजे हव्या त्या आकारात वळवलेली किंवा कोरलेली धारदार धातूची पट्टी. शंकरपाळ्याचा नाही, पण बिस्किटाचा साचा डोळ्यासमोर आणा. कागदावर डाय ठेवायची, खाली-वर प्लॅस्टिकच्या जाड प्लेटा लावायच्या आणि ही थप्पी दोन रुळांमधून फिरवायची. दाबाने कागद नेमका कापला जातो. घरगुती मशीन हाताने फिरवायची असतात. संगणकाला जोडून पात्याने कापणारीही आली आहेत. शंभर कार्डं एकसारखी करायची असतील, एखाद्या बचत गटाला ईद-दिवाळीला विकायची असतील, तर मशीन परवडतं. घरच्या दहा कार्डांना कटर आणि पंच पुरे.

सोपा आकार म्हणजे आठ टोकांचा तारा. एक चौकोन काढा, दुसरा त्याच मापाचा चौकोन 45 अंशांत फिरवून त्यावर ठेवा. झाला तारा. मशिदींच्या नक्षीत हा सगळीकडे दिसतो, आणि आठवीच्या मुलाची भूमितीही होऊन जाते.

दोन तुकडे आणि सात तुकडे

खरी परीक्षा अक्षरं कापताना. ‘ईद मुबारक’ देवनागरीत रंगीत कागदातून कापा. शिरोरेषा सगळ्यांना धरून ठेवते, म्हणून दोन शब्दांचे दोनच तुकडे होतात. सरळ चिकटवा.

आता तेच उर्दूत. ‘ईद’ म्हणजे ऐन, ये, दाल : तिन्ही जोडलेले, एक तुकडा. ‘मुबारक’मध्ये मीम, बे आणि अलिफ जोडलेले, रे सुटा, काफ सुटा : तीन तुकडे. आणि नुक्ते? ‘ये’खालचे दोन, ‘बे’खालचा एक. एकूण सात तुकडे. नुक्ते तिळाएवढे, पंख्याच्या वाऱ्याने उडून जाणारे.

आणि नुक्ता हरवला तर काय होतं? ‘ये’खालच्या दोन नुक्त्यांपैकी एकच चिकटवला, तर ‘ये’चा ‘बे’ होतो आणि ‘ईद’चं होतं ‘अब्द’, म्हणजे बंदा, गुलाम. ‘मुबारक’मधल्या ‘बे’चा नुक्ता खालून वर गेला तर तो ‘नून’ होतो आणि शब्दाला अर्थच उरत नाही. वर्गात हे सांगून मुलं माना डोलावतात आणि विसरतात. पण चिमट्याने नुक्ता उचलून, गोंद लावून, जागेवर ठेवलेलं मूल तो नुक्ता परत चुकवत नाही. आमच्या मते कार्ड बनवण्याचा सगळ्यात मोठा फायदा हाच आहे.

अक्षर कापून न घेता कार्डालाच अक्षराची खिडकी पाडायची असेल तर आणखी एक पेच. ‘ब’ आणि ‘म’च्या पोटातला कागद, मीमच्या डोळ्यातला कागद सुटून पडतो. त्याला बारीक पूल सोडून धरून ठेवावं लागतं. हा पेच जुन्या कारागिरांनी दगडात सोडवला आहे. विजापूरच्या इब्राहिम रौजामध्ये सतराव्या शतकातल्या दगडी खिडक्या आहेत, त्यांची जाळीच अरबी अक्षरांची आहे. अक्षरं एकमेकांत आणि चौकटीत अशी अडकवली आहेत की उजेड आत येतो आणि अक्षर जागेवर राहतं. सहलीला विजापूरला गेलात तर गोलघुमटावरच थांबू नका, मुलांना ही जाळी दाखवा.

थोडा अदब

कार्ड कितीही प्रेमाने दिलं तरी एक दिवस ते रद्दीत जाऊ शकतं, पायाखाली येऊ शकतं. म्हणून त्यावर कुरआनची आयत घालू नये, असं बऱ्याच घरांत पाळतात. ‘ईद मुबारक’ पुरे. नक्षीला चाँद, तारा, मेहराब, जाळी, फुलं-पानं भरपूर आहेत. तारीखही छापू नका. चाँद एकोणतिसाव्या रोज्याला दिसेल की तिसाव्याला, हे कार्डाला काय माहीत?

आत काय लिहायचं?

बाहेरचं काम ठशाचं आणि डायचं. आतलं काम मात्र हातानेच. इथे छापील ओळ, ठशाची शेरोशायरी काही नको. नानीला चार शब्द उर्दूत : सलाम, नाव, ‘तुमच्या शिरखुर्म्याची आठवण येते’ एवढं. अक्षर वाकडं आलं तरी चालेल. येत नसेल तर अम्मीला विचारून लिही, म्हणावं. शेजारच्या काकूंना, वर्गातल्या मित्राला मराठीत लिही. त्यांच्या घरून दिवाळीचा फराळ येतो, आपल्या घरून शिरखुर्म्यासोबत एक कार्ड जाऊ दे.

1 सप्टेंबर 2001 ला अमेरिकेच्या टपाल खात्याने ईदचं पहिलं तिकीट काढलं. त्यावरची अक्षरं मोहम्मद झकरिया या अमेरिकन खत्तातने लिहिली. बोरूच्या हातघडीव कलमा, घरी बनवलेली काळी शाई आणि स्वतः तयार केलेला कागद त्यांनी वापरला. लाखोंच्या संख्येत छापायच्या तिकिटाचं अक्षरसुद्धा आधी एका माणसाच्या हातून उतरलं, हे मुलांना जरूर सांगा.

पोस्टात टाकताना

लांबच्या नातेवाइकांची कार्डं विसाव्या रोज्यापर्यंत पेटीत पडावीत. तारे, मेहराब चिकटवलेलं कार्ड जाड होतं, तेव्हा पोस्टाच्या खिडकीवर वजन करूनच तिकीट लावा. पत्ता मुलांकडूनच लिहून घ्या, पिनकोडसकट. वाईचा 412803. हा सहा आकडी पिनकोड 15 ऑगस्ट 1972 पासून आला आणि तो बसवणारे श्रीराम भिकाजी वेलणकर हे मराठी माणूस, संस्कृतचे कवी.

यंदा सगळ्यांना नको, तीनच कार्डं करा : एक उर्दू वाचणाऱ्या मोठ्या माणसाला, एक मराठी वाचणाऱ्या शेजाऱ्याला आणि एक अशा नातेवाइकाला ज्याच्याशी बरेच दिवस बोलणं नाही. ठसा एकच पुरेल. आतला मजकूर मात्र तिन्ही कार्डांत वेगळा लिहावा लागेल, आणि तो मुलांनीच लिहावा.