लय वाढली की पट्टी चढते

संपादकांना हवा होता हणजूणच्या पार्ट्यांवरचा लेख. मी अडकलो टर्नटेबलच्या उजव्या कडेच्या, वीतभरही नसलेल्या एका सरकपट्टीत.

टेक्निक्स एसएल-१२०० हे यंत्र मात्सुशिता कंपनीने १९७२ मध्ये काढलं. १९७९ च्या एमके-२ आवृत्तीत ही सरकपट्टी आली. २०१० मध्ये उत्पादन थांबलं, २०१६ मध्ये पुन्हा सुरू झालं. इतिहास एवढा पुरे.

सरकपट्टीने तबकडीचा वेग ८ टक्क्यांपर्यंत वाढवता किंवा कमी करता येतो. समजा एक ट्रॅक मिनिटाला १२८ ठोक्यांचा आहे आणि दुसरा १३२ चा. पहिल्याचा वेग ३ टक्क्यांहून किंचित वाढवला की ठोके जुळतात. पण तबकडी जोरात फिरली की सूरही चढतो. वेग ६ टक्के वाढवा, काळी एकचा ट्रॅक पांढरी दोनमध्ये जातो. ३ टक्क्यांवर तो मधेच लोंबकळतो. पेटीवर त्या जागी पट्टीच नाही. म्हणजे लय जुळवायला जावं तर सूर हातचा जातो. जुने डीजे हा हिशेब डोक्यात ठेवून तबकड्या निवडत.

गोव्यात हा हिशेबही नव्हता. उन्हात तबकड्या वाकतात, म्हणून हणजूण-वागातोरच्या किनाऱ्यावर आधी कॅसेट चालल्या, नंतर डॅट, म्हणजे डिजिटल ध्वनिफिती. सोनीच्या खिशातल्या डॅट यंत्रांना वेग बदलायची सोयच नसे. मग एका ट्रॅकचा ठोका विरून नुसते सूर उरले की त्यावर दुसऱ्याची ठोक्याविना सुरुवात चढवायची. गोवा ट्रान्सच्या ट्रॅकना लांबलचक आरंभ आणि शेवट असतात, त्यात या अडचणीचा वाटा मोठा मानतात. डीजे गोवा गिल तर पुढेही वर्षानुवर्षं डॅटवरच वाजवत राहिला. मला हा हट्ट आवडतो. लय हातात नसली की निवडच नेमकी करावी लागते.

पुढे डिजिटल यंत्रांनी गाठ सोडवली. २००१ च्या पायोनियर सीडीजे-१००० मध्ये मास्टर टेम्पोची कळ होती. ती ध्वनीचे बारीक तुकडे करते, लागतील तसे गाळते किंवा पुन्हा वाजवते. वेग बदलतो, सूर जागेवर राहतो. फार ताणलं की ठोक्याची धार बोथट होते, ते वेगळं. सोबत आलं मार्क डेव्हिस यांचं कॅमेलॉट चक्र. त्यात २४ घरं: १२ मायनरची, १२ मेजरची. ८ए म्हणजे पांढरी सहाचा मायनर. शेजारचं ९ए पांढरी तीनचा, म्हणजे आधीच्या षड्जाचा पंचम. ८बी हा पांढरी एकचा मेजर: स्वर तेच, षड्ज बदललेला. आपल्याकडे याला मूर्च्छना म्हणतात. सॉफ्टवेअर प्रत्येक ट्रॅकवर घराचा क्रमांक चिकटवतं; डीजेने शेजारच्या घरात पाऊल टाकायचं.

चक्र छान आहे, पण मला त्याची काळजी वाटते ती चरणजित सिंग यांच्यामुळे. मुंबईच्या या वादकाने १९८२ मध्ये रोलँडचं टीबी-३०३ हे बेस सिंथ आणि टीआर-८०८ हे ड्रम मशीन जोडून दहा राग डिस्कोच्या ठेक्यावर वाजवले. अ‍ॅसिड हाउसची सुरुवात मानल्या जाणाऱ्या शिकागोच्या 'अ‍ॅसिड ट्रॅक्स'च्या पाच वर्षं आधी! तेव्हा कुणी फारसं विचारलं नाही. २०१० मध्ये ती तबकडी पुन्हा निघाली तेव्हा जगभर गाजली. आज एखाद्या डीजेला त्यातला ललित सेटमध्ये घ्यायचा असेल, तर कोणत्या घरात ठेवायचा? कोमल रिषभ, दोन्ही मध्यम, आणि पंचम वर्ज्य. शेजारपण ठरतं पंचमावर, आणि इथे तोच नाही. सॉफ्टवेअर तरीही कुठला तरी क्रमांक देणारच. 'माहीत नाही' असं घर चक्रात नाही.

खुद्द टेक्नोचीही तीच गत. कित्येक ट्रॅकमध्ये किक, हायहॅट आणि एका सुरावर घुमणारा बेस, एवढंच असतं. मेजर-मायनर ठरवणारा गंधारच नसतो. किकलाही सूर असतो, पण तो क्षणात खाली घसरतो. त्यातून काढलेला क्रमांक म्हणजे अंदाजच. एका ट्रॅकचा बेस ५० हर्ट्झवर आणि दुसऱ्याचा ५२ वर असेल, तर स्पीकरमधून सेकंदाला दोनदा हेलकावा येतो. तंबोऱ्याच्या जोडीच्या तारा किंचित बेसूर असल्या की ऐकू येतो तोच. क्रमांक जुळले तरी हा हेलकावा चुकत नाही. म्हणून जाणता डीजे एका कानाला हेडफोन लावून आधी दोन्ही बेस ऐकतो, आणि पटत नसेल तर मिक्सरवर एकाचा बेस सरळ काढून टाकतो.