कर्नाळ्यातलं ‘तिस्-ली’

पनवेलहून गोव्याच्या रस्त्याला लागलं की बाराएक किलोमीटरवर कर्नाळा. डिसेंबरातली सकाळ, अंगात स्वेटर आणि पक्षी बघायला आलेल्या आमच्यातल्या निम्म्यांच्या डोळ्यांपुढे एकच पक्षी, स्वर्गीय नर्तक. माझ्याही. मोरटाक्याच्या वाटेवर अर्धा तास माना वर करून फिरल्यावर यादी लिहिणारी कॉलेजातली मुलगी म्हणाली, ‘‘काका, दुर्बीण ठेवा खाली. ऐका.’’

‘तिस्-ली’. थोडं थांबून पुन्हा, पण दुसऱ्याच झाडातून.

हा हिरवट वटवट्या. वर फिकट हिरवा, खाली मळकट पांढरा, डोळ्यावर पिवळसर भुवई, पंखावर बारीकशी रेघ. वजन पाच रुपयांच्या जुन्या जाड नाण्याहूनही कमी! एवढासा जीव मध्य आशियातून, पार पश्चिम सैबेरियातूनही हिवाळ्यात भारतात उतरतो. इथे आला की पानांखालचे किडे टिपायला आपापला इलाखा धरतो. ‘तिस्-ली’ म्हणजे शेजाऱ्याला दम: इकडे फिरकू नकोस.

विणीच्या प्रदेशातलं याचं गाणं तर शास्त्रज्ञांचं लाडकं कोडं. तिबेटच्या पठाराभोवती याच्या वस्त्यांचं कडं आहे. हिमालयातून पश्चिमेकडून वर जा किंवा पूर्वेकडून, शेजारच्या वस्तीचं गाणं जवळपास सारखंच, फरक थोडाथोडाच. पण दोन्ही टोकं सैबेरियात भेटतात तेव्हा तिथले पक्षी एकमेकांचं गाणं ओळखत नाहीत, जोड्याही जमत नाहीत. शास्त्रज्ञ डॅरन अर्विन आणि सहकाऱ्यांनी २००१ मध्ये हे मांडलं. पुढच्या जनुकीय अभ्यासात या कड्यात जुन्या फटीही सापडल्या, त्यामुळे गोष्ट पाठ्यपुस्तकातल्यापेक्षा गुंतागुंतीची आहे. आपल्याकडे येतात ते मुख्यतः पश्चिमेकडच्या अंगाचे.

कर्नाळा १९६८ पासून अभयारण्य; २००३ मध्ये ते वाढवून सुमारे १२ चौरस किलोमीटरचं झालं. कारभार वनखात्याचा. पण अशा जंगलांत वटवट्या कधी आला, कधी गेला, याची तारीखवार नोंद होते ती बरीचशी रविवारची झोप मोडणाऱ्या हौशी लोकांकडून. त्यातही एक खोट राहते. नर्तक दिसला की दहा जण लिहितात, वटवट्या मात्र ‘छोटा हिरवा, असेल काहीतरी’ म्हणून यादीतून गळतो. पक्षी कमी झाले की लिहिणारे कंटाळले, हे मग आकड्यांवरून कळायचं कसं? त्या मुलीच्या वहीत कावळा होता, बुलबुल होता आणि सात वटवट्ये होते, त्यांतले पाच नुसते ऐकलेले. नर्तक नव्हता.

अशी वही तुम्हालाही लिहायची असेल, तर फेब्रुवारीच्या मध्याला ‘ग्रेट बॅकयार्ड बर्ड काउंट’ हा पक्षिगणनेचा उपक्रम असतो, चार दिवसांचा; भारत त्यात २०१३ पासून आहे. पंधरा मिनिटं एका जागी थांबून दिसलेलं-ऐकलेलं सगळं ई-बर्ड या पक्षिनोंदींच्या संकेतस्थळावर टाकलं तरी पुरे. फक्त पक्षी बाहेर यावा म्हणून मोबाइलवर त्याचा आवाज वाजवू नका. तो बिचारा नसलेल्या शत्रूला हाकलायला खाणं सोडून धावतो.