गणवेश कोणाचा, शिस्त कोणाची?

शाळेचा गणवेश ही समतेची खूण आहे, हे वाक्य आपल्याकडे इतक्या वेळा उच्चारले गेले आहे की ते तपासून पाहावे असे कोणाला वाटतच नाही. मुख्याध्यापक ते पालकसभेत म्हणतात, मंत्री ते विधानसभेत म्हणतात, आणि बिनगणवेशाचे पोर दारातून परत पाठवणारा वर्गशिक्षकही तेच म्हणतो. समता एकच, पण तिच्या नावाने कोणाला नवा सदरा मिळतो आणि कोणाला घरची वाट धरावी लागते, हे पाहिल्याशिवाय या वाक्याचा अर्थ कळत नाही.

सुरुवातीलाच एक सांगून टाकतो. मी गणवेशाच्या विरोधात नाही. आपल्या समाजातला फार थोडा माणूस असेल. कपड्यावरून माणसाची पायरी ठरवणारी ही संस्कृती आहे आणि तो मार आपल्या पिढ्यांनी अंगावर घेतलेला आहे. साताऱ्याच्या शाळेत लहानग्या भीमरावांना बसायला गोणपाटाचा वेगळा तुकडा घरून न्यावा लागे. शाळा झाडणारा नोकर त्याला हात लावत नसे, म्हणून तो रोज संध्याकाळी घरी आणायचा आणि सकाळी परत न्यायचा. शाळेने आपल्या पोराला सक्तीचे केलेले पहिले वस्त्र म्हणायचे तर ते हे गोणपाट! नरडाण्यावरून जाणारा आग्रा रोड तसाच वर गेला की इंदूर लागते. त्या इंदूर भागातल्या गावांत सवर्णांनी बलाई समाजावर लादलेले नियम जानेवारी १९२८ मध्ये वर्तमानपत्रात आले आणि बाबासाहेबांनी ते १९३६ साली 'जातिप्रथेचे विध्वंसन' या न झालेल्या भाषणात नोंदवून ठेवले. बलाई पुरुषाने जरीकाठी पगडी घालू नये, रंगीत काठाचे धोतर नेसू नये. बाईने सोन्याचांदीचा दागिना घालू नये, झोकदार चोळी-परकर करू नये. म्हणजे गावाने एका जातीला दिलेला गणवेशच तो. महाडला डिसेंबर १९२७ मध्ये बाबासाहेबांनी स्त्रियांपुढे बोलताना लुगडे नेसण्याची जुनी तऱ्हा आणि कथलाचांदीचे ओझे टाकून द्यायला सांगितले, ते याच कारणाने. जातीने नेमून दिलेली नेसण सोडणे हा त्या सत्याग्रहाचाच भाग होता.

म्हणून आपल्या आईबापांना गणवेशाचे अप्रूप आहे. पाटलाच्या पोराच्या आणि आपल्या पोराच्या अंगावर एकच रंग, हे दृश्य त्यांच्या बापजाद्यांनी पाहिलेले नव्हते. हे अप्रूप खोटे नाही. पण या अप्रूपाचाच फायदा घेऊन गणवेशाची सक्ती, गणवेशाचा बाजार आणि गणवेशाचा अपमान हे तिन्ही आपल्या गळी उतरवले जातात.

गणवेशाचा जन्म मुळात समतेतून झालेला नाही. लंडनमध्ये १५५२ साली स्थापन झालेल्या ख्राइस्ट्स हॉस्पिटल या शाळेतल्या अनाथ-गरीब मुलांना निळे लांब डगले दिले गेले. शालेय गणवेशाचे हे सर्वांत जुने उदाहरण मानतात. ही धर्मादायावर शिकणारी पोरे आहेत, हे रस्त्यावरच्या माणसाला दुरून ओळखू यावे, हाही त्या डगल्याचा उपयोग होता. श्रीमंतांच्या शाळांनी गणवेश उचलला तो फार पुढे, आणि तो स्वतःच्या मोठेपणाची खूण म्हणून. दानाची खूण आणि मोठेपणाची खूण अशी गणवेशाची ही दोन कुळे आहेत. आपल्याकडे जिल्हा परिषदेच्या शाळेत पहिले कूळ नांदते आणि महामार्गालगतच्या इंग्रजी शाळेत दुसरे.

पहिल्या कुळाचे पाहू. शिक्षण हक्क कायदा १ एप्रिल २०१० पासून लागू झाला आणि सर्व शिक्षा अभियानातून पहिली ते आठवीच्या मुलांना वर्षाला दोन गणवेश मोफत देण्यासाठी ४०० रुपये ठरले. पण सगळ्यांना नाही. सर्व मुली, अनुसूचित जातींची मुले, अनुसूचित जमातींची मुले आणि दारिद्र्यरेषेखालची मुले, एवढ्यांनाच. उरलेल्या मुलांच्या बापांनी आपले आपण घ्यायचे. कागदावर ही तरतूद न्याय्य दिसते. गरजवंताला आधी द्या, यात चूक काय? पण वर्गात तिचे काय झाले ते आज महाविद्यालयात आलेली मुले सांगतात. वाटपाच्या दिवशी यादी वाचली जायची. ज्याचे नाव आले तो उठायचा. मुली सोडल्या तर यादीतला मुलगा कोण आणि यादीबाहेरचा कोण, हे सगळ्या वर्गाला एका तासात कळायचे. जात झाकण्यासाठी आणलेले कापड वर्षातून एकदा जात जाहीर करायचे. आणि शेजारच्या बाकावरच्या कुणब्याच्या पोराचा बाप, ज्याच्याकडे दोन एकर कोरडवाहू आणि डोक्यावर सोसायटीचे कर्ज, तो शाळेत येऊन भांडायचा की 'त्यांनाच' का? त्याचे भांडण सरकारशी असायला हवे होते. ते आपल्याशी व्हायचे. गरिबांत गरिबांची भांडणे लावायला फार मोठे कारस्थान लागत नाही, शासनाचा एक तक्ता पुरतो.

हा भेद २०२३ साली मिटला. राज्याने उरलेल्या मुलांचा खर्च स्वतःच्या तिजोरीतून उचलला आणि सरकारी व स्थानिक स्वराज्य संस्थांच्या शाळांतल्या पहिली ते आठवीच्या सर्वांनाच गणवेश देऊ केला, बूट-मोजेही देऊ केले. मला हा निर्णय महत्त्वाचा वाटतो, आणि आपल्या कार्यकर्त्यांनी त्याचे मोल ओळखले नाही असेही वाटते. सर्वांना मिळते तेव्हा ते दान राहत नाही, हक्क होतो. यादी वाचण्याचे कारणच उरत नाही.

पण या चांगल्या गोष्टीच्या पाठीवर एक वाईट गोष्ट बसवून आणली गेली. 'एक राज्य, एक गणवेश'. साऱ्या राज्यात एकच रंग, कापडाची खरेदी राज्यपातळीवर. पहिल्या वर्षी अनेक शाळांनी आधीच आपापल्या रंगाचे गणवेश सांगून ठेवले होते, तेव्हा तत्कालीन शिक्षणमंत्री दीपक केसरकर यांनी तीन दिवस शाळेचा गणवेश आणि तीन दिवस सरकारचा असा तोडगा जाहीर केला. २०२४-२५ पासून पूर्ण केंद्रीकरण झाले. आकाशी सदरा, गडद निळी पँट. दुसरा गणवेश स्काऊट-गाईडचा. शिलाई महिला आर्थिक विकास महामंडळामार्फत बचतगटांकडे. दुसऱ्या गणवेशाचे नुसते कापड शाळेकडे येणार आणि शिलाईला शंभर रुपये! शंभर रुपयांत हाफपँट आणि सदरा शिवून देणारा शिंपी मंत्रालयात असेल, तालुक्याला नाही. जूनमध्ये शाळा उघडल्या, स्वातंत्र्यदिन आला तरी ठिकठिकाणी पोरे जुन्या कपड्यांत झेंड्यापुढे उभी होती. आले ते कोणाला ढगळ, कोणाला आखूड, अशा तक्रारी राज्यभरातून झाल्या. शेवटी डिसेंबर २०२४ मध्ये सरकारने माघार घेतली आणि २०२५-२६ पासून खरेदीचा अधिकार पुन्हा शाळा व्यवस्थापन समितीकडे दिला.

त्याआधी २०१७ साली दुसऱ्या टोकाचा प्रयोग होऊन गेला होता. पैसे थेट खात्यात. आई आणि मूल यांचे संयुक्त खाते उघडा, आधी दुकानातून गणवेश घ्या, पावती शाळेत द्या, मग ४०० रुपये जमा होतील. ज्या बाईकडे आधी घालायला चारशे रुपये असते तिला या योजनेची गरजच कशाला पडली असती? त्यात बँका खात्यात किमान रक्कम ठेवा म्हणत. चारशेसाठी पाचशे अडकवायचे. मजुराची एक दिवसाची मजुरी बँकेच्या रांगेत गेली ती वेगळीच.

इथे खानदेशाच्या हंगामाचा विचार करावा लागतो, जो पुण्या-मुंबईत बसून होत नाही. शाळा उघडते जूनच्या मध्याला. आमच्या भागात तेव्हा शेतमजुराच्या घरात पैसा सर्वांत कमी असतो. पाऊस लागलेला नसतो, निंदणीला अवकाश असतो, ऊसतोडीला किंवा गुजरातेत कामाला गेलेले नुकते परतलेले असतात, उचल फिटलेली असतेच असे नाही. हातात रोख येते ती कापूस वेचणीत, दसरा-दिवाळीच्या सुमाराला. नरडाण्यासारख्या गावात, जिथे एका बाजूला ताप्ती व्हॅलीची रेल्वे, दुसऱ्या बाजूला महामार्ग आणि औद्योगिक वसाहत आहे, तिथेही कंत्राटी मजुराचे महिन्याचे गणित असेच काठावरचे. गणवेशाची सक्ती मात्र पहिल्या आठवड्यातच सुरू होते! 'सोमवारपासून गणवेश नसेल तर वर्गात बसू देणार नाही.' हे फर्मान उसनवारीच्या महिन्यात येते. बाप सावकाराकडे किंवा दुकानाच्या उधारीकडे जातो, नाहीतर पोर आठ दिवस घरी राहते. घरी राहिलेली मुलगी धाकट्याला सांभाळू लागते. शाळेतून गळण्याची सुरुवात अशी साधीसुधी असते, तिला कोणी कारण विचारत नाही.

आता कायदा काय म्हणतो? शिक्षण हक्क कायद्याच्या कलम ३ प्रमाणे सहा ते चौदा वयाच्या मुलाला प्राथमिक शिक्षण पूर्ण करण्यात आड येईल असा कोणताही खर्च भरायला लावता येत नाही. कलम १६ प्रमाणे त्याला शाळेतून काढता येत नाही. कलम १७ प्रमाणे शारीरिक शिक्षा आणि मानसिक छळ दोन्ही निषिद्ध आहेत, आणि तसे करणाऱ्या शिक्षकावर शिस्तभंगाची कारवाई होऊ शकते. गणवेश नाही म्हणून प्रार्थनेच्या रांगेबाहेर उभे करणे, पट्टी मारणे, दारातून परत पाठवणे यांना 'शिस्त' म्हणण्याची रीत आहे. कायद्यापुढे हा उघड गुन्ह्याचा नसला तरी दोषाचा मामला आहे. माझ्या शिक्षक मित्रांना हे कडू लागेल. आपल्यातलेच कितीतरी जण आज मास्तर आहेत, आणि कडक इस्त्रीचे वेड आपल्याला जास्तच असते. ते का असते हे मी वर सांगितलेच आहे. पण महाडचा तो निर्णय बायकांनी स्वतः घेतला होता, हे विसरायचे नाही.

दुसऱ्या कुळाची, म्हणजे खाजगी शाळांची, तऱ्हा निराळी. तिथे गणवेश हा धंदा आहे. रोजचा वेगळा, शनिवारचा पांढरा, खेळाच्या तासाला 'हाऊस'च्या रंगाचा टी-शर्ट, वर बिल्ला आणि टाय. सगळे एकाच दुकानात. ठरावीक दुकानाची सक्ती करू नका, अशी शासनाची परिपत्रके वेळोवेळी निघतात आणि सूचनाफलकामागे जातात. या शाळांत पंचवीस टक्के राखीव जागांवर आपली मुले जातात. केंद्राने २०१० साली केलेल्या नियमांत या मुलांना पुस्तके, लेखनसाहित्य आणि गणवेश मोफत मिळण्याचा हक्क सांगितला आहे. प्रत्यक्षात पालकाच्या हाती दुकानाची चिठ्ठी येते. फी माफ झाली म्हणून तो गप्प बसतो. फुकट शिकतोस, वर कपडेही मागतोस? हा न बोललेला प्रश्न त्याला ऐकू येतो. इंग्लंडसारख्या श्रीमंत देशालाही २०२१ साली गणवेशाच्या खर्चाबाबत कायदा करून शाळांना छापाच्या महागड्या वस्तू कमी करायला सांगावे लागले. आपल्याकडे मात्र महागडा गणवेश म्हणजे चांगली शाळा, हे समीकरण पालकांच्याच डोक्यात पक्के बसले आहे.

गणवेशाच्या वादाचे तिसरे अंग धर्माचे आहे. चेंबूरच्या आचार्य-मराठे महाविद्यालयाने हिजाब, टोपी, बिल्ले यांवर बंदी घातली. मुंबई उच्च न्यायालयाने जून २०२४ मध्ये विद्यार्थिनींची याचिका फेटाळली. सर्वोच्च न्यायालयाने ऑगस्टमध्ये त्या बंदीला अंशतः स्थगिती दिली आणि टिळा-टिकलीवर बंदी घालणार का, असे महाविद्यालयाला विचारले. त्याआधी कर्नाटकातल्या प्रकरणात ऑक्टोबर २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या दोन न्यायमूर्तींची मते दोन दिशांना गेली होती. बाबासाहेबांनी पडदा पद्धतीवर किती कठोर लिहिले आहे ते आपण जाणतो, आणि ते लपवण्याचे कारण नाही. पण पडद्यातून बाहेर येण्याचा मुलीचा रस्ता शाळेतूनच जातो. तो रस्ता शाळेच्या फाटकावरच अडवून तिला पडद्यातून सोडवल्याचा दावा करणे हा कावा आहे. ज्याला कोणी काय नेसावे हे सांगण्याची चटक लागते तो एका समाजावर थांबत नाही. बलायांचे रंगीत काठ आठवावेत.

सरकारी शाळांपुरते बोलायचे तर निर्णय आता समितीच्या हातात आहे. कायद्याच्या कलम २१ प्रमाणे शाळा व्यवस्थापन समितीत तीन चतुर्थांश पालक हवेत, निम्म्या स्त्रिया हव्यात, आणि वंचित घटकांच्या पालकांना त्यांच्या प्रमाणात जागा हव्यात. गावातल्या फार थोड्या बैठका अशा आहेत की जिथे आपल्या वस्तीतली बाई खुर्चीवर हक्काने बसते. पण बहुतेक ठिकाणी तिचा अंगठा नाहीतर सही घरी येऊन नेली जाते. तेव्हा विद्यार्थी कार्यकर्त्यांनी एप्रिलमध्येच आपल्या गावच्या समितीची नावे पाहावीत, ठरावाची वही मागावी. दर वर्षाला ६०० रुपये, म्हणजे एका गणवेशाला ३००. २०१८ साली समग्र शिक्षा आली तेव्हाचा हा दर २०२१ नंतरच्या टप्प्यातही तसाच राहिला. कापड आणि शिलाईचे भाव तसे राहिले नाहीत. त्या तीनशेत कोणते कापड घेतले, गावातल्या शिंप्याला किंवा शिवणयंत्र घेऊन बसलेल्या बाईला काम दिले की तालुक्याच्या ठोक व्यापाऱ्याला, माप पोराच्या अंगावर घेतले की इयत्तेवरून, हे तीन प्रश्न बैठकीत विचारावेत आणि उत्तर वहीत लिहून घ्यावे. गणवेश शाळा उघडायच्या आधी हातात पडायचा असेल तर माप मार्चमध्ये, परीक्षेच्या आधी घेतले पाहिजे. मे महिन्यात पोरे गावात नसतात. आणि कपडे येईपर्यंत एकही मूल वर्गाबाहेर उभे राहणार नाही, असा ठराव त्याच बैठकीत घेऊन तो शाळेच्या भिंतीवर लावायला मुख्याध्यापकांची हरकत असण्याचे कारण नाही.